मुंबईवरचे दहशतवादी हल्ले: १९९३ पासून आजपर्यंत, लोक सतत विचारतात ते प्रश्न

ऑफिसमधली नवीन मुलं २००३-०४ च्या आसपास जन्मलेली आहेत, त्यांना २६/११ माहितीये, कसाब माहितीये, पण त्याच्या आधीचं सगळं धूसर. आमच्या घरात हा विषय कधी जुना झालाच नाही, त्यामुळे कोणी विचारलं की मी सांगत बसतो. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत.

मुंबईत नेमके किती हल्ले झाले?

मोठे म्हणजे ज्यांचं नाव काढलं की आमच्या पिढीला आपण त्या दिवशी कुठे होतो ते आठवतं, असे पाच. १२ मार्च १९९३, २५ ऑगस्ट २००३, ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८ आणि १३ जुलै २०११. पण मधलेही खूप आहेत जे आता कोणी मोजत नाही. डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये, मग मुंबई सेंट्रलला, जानेवारी २००३ ला पार्ल्याला, १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्ये, जुलैत परत घाटकोपरला बसमध्ये. आठ महिन्यांत एवढे सगळे आणि तरी शहरातल्या लोकांनाही ते क्रमाने सांगता येत नाहीत, मलाही आधी कागदावर लिहून काढायला लागले होते.

झवेरी बाजारात तर तीनदा झाला, १९९३, २००३, २०११. तिथल्या एखाद्या जुन्या सोनाराने हे तिन्ही बघितलेले असू शकतात.

१२ मार्च १९९३ ला काय झालं?

शुक्रवार होता. दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात गाडी फुटली आणि मग दोन-सव्वादोन तासांत एकामागोमाग एक. मशीद बंदरची काथा बाजार, सेना भवनजवळचा पेट्रोल पंप, नरिमन पॉइंटची एअर इंडियाची बिल्डिंग, वरळीचं सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरचं प्लाझा, वांद्र्याचं सी रॉक हॉटेल, जुहूचं आणि एअरपोर्टजवळचं सेंटॉर, शिवाय माहीमच्या कोळीवाड्यात आणि सहार विमानतळावर हातबॉम्ब फेकले. २५७ माणसं गेली, ७१३ जखमी. सगळ्यात जास्त माणसं सेंच्युरी बाजारला गेली, भर रस्त्यात, बसमधली, फुटपाथवरची. एकाच दिवशी एका शहरात ठरवून इतक्या ठिकाणी बॉम्ब लावायचा प्रकार तोवर जगात फारसा कोणी बघितलेला नव्हता.

बारा ब्लास्ट की तेरा? दोन्ही आकडे वाचलेत.

बारा. तेराव्याची गोष्ट अशी की शरद पवार तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री म्हणून परत आले होते, जेमतेम आठवडा झाला असेल, आणि त्यांनी जाहीर करताना एक जास्तीचं ठिकाण सांगितलं, मुस्लिम वस्तीतलं, कारण बाकीची बहुतेक ठिकाणं हिंदू वस्तीतली होती आणि दोनच महिन्यांपूर्वी शहर दंगलीत जळलं होतं. हे त्यांनी स्वतः नंतर उघडपणे सांगितलंय. खोटं बोलले हे बरोबर की चूक यावर लोक अजून भांडतात. माझं मत विचाराल तर त्या रात्री दंगल झाली नाही, आणि मला ते पुरेसं आहे.

म्हणजे दंगलीचा बदला म्हणून ब्लास्ट, असंच ना?

कटाच्या मागचं कारण म्हणून कोर्टातही तेच समोर आलं, की ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पाडली, मग डिसेंबर-जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या, त्यात दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या हिशोबाने ९०० माणसं गेली, बहुसंख्य मुस्लिम, आणि त्यानंतर दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमनच्या टोळीने हे केलं. पण 'बदला' म्हटलं की कुठेतरी हिशोब फिटल्यासारखं वाटतं, म्हणून मला तो शब्द आवडत नाही. सेंच्युरी बाजारसमोरच्या बसमधल्या माणसाने कोणाचं घर जाळलं होतं? आणि दुसरी बाजूही सांगायलाच पाहिजे, ब्लास्टची केस चालली, शिक्षा झाल्या, पण दंगलीत ज्यांची माणसं गेली त्यांच्यापैकी फार थोड्यांना कोर्टाकडून काही मिळालं.

ब्लास्टसाठी एवढं आरडीएक्स, म्हणजे स्फोटक, आलं कुठून?

समुद्रातून, आपल्याच कोकणातून. रायगडमध्ये दिघी आणि श्रीवर्धनजवळचं शेखाडी, तिथे जानेवारी-फेब्रुवारी १९९३ ला माल उतरला आणि रस्त्याने मुंबईत आला. वाटेत अडवायला माणसं होती, कस्टमची होती, पोलिसांची होती, पण पैसे घेऊन गाड्या सोडल्या गेल्या. चांदीची स्मगलिंग असेल असं समजून सोडल्या असं काहींचं म्हणणं होतं. कस्टमच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही या केसमध्ये शिक्षा झाली आहे, ही गोष्ट लोक विसरतात. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर याची. पलीकडचा दुश्मन दुश्मनासारखाच वागणार. इथे नाक्यावर उभा असलेला आपला होता.

केस उकलली कशी, आणि शिक्षा कोणाला झाली?

वरळीला एक मारुती व्हॅन सोडून दिलेली सापडली, आत एके ५६ रायफली, आणि गाडीच्या कागदांवरून पोलीस माहीमला मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोचले. ते आधीच देश सोडून गेले होते. खटला टाडा, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, कोर्टात चालला, न्यायमूर्ती प्र. द. कोदे यांच्यापुढे, निकाल २००६-०७ ला, म्हणजे तेरा-चौदा वर्षांनी. १०० जण दोषी ठरले, १२ जणांना फाशी सुनावली, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने फक्त टायगरचा भाऊ याकूब मेमन याची फाशी कायम ठेवली आणि ३० जुलै २०१५ ला नागपूर जेलमध्ये ती दिली. अबू सालेमचा निकाल वेगळा, २०१७ ला, जन्मठेप. टायगर मेमन आणि दाऊद अजून फरार.

संजय दत्त? आर्म्स अॅक्टखाली दोषी, पाच वर्षं, २०१६ ला सुटला. त्याच्यावर २५७ माणसांपेक्षा जास्त छापून आलंय, मी त्यात भर घालत नाही.

२५ ऑगस्ट २००३ चा ब्लास्ट कोणता?

गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार, टॅक्सीत ठेवलेले बॉम्ब, पन्नासच्या वर माणसं गेली. गेटवेच्या टॅक्सीचा ड्रायव्हर जेवायला गेला म्हणून वाचला आणि आपल्या गाडीत कोण बसलं होतं, नवरा, बायको, मुली, हे त्याने सांगितलं, त्यावरून केस उभी राहिली. पोटा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टाने २००९ ला तिघांना फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली. जिथे साक्षीदार वेळेवर आणि नीट बोलला तिथे केस टिकली, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

११ जुलै २००६ बद्दल सांगा. सात मिनिटांत अकरा की अकरा मिनिटांत सात?

अकरा मिनिटांत सात. संध्याकाळी ६:२४ ते ६:३५. पश्चिम रेल्वे, चर्चगेटहून निघालेल्या लोकल, सगळे बॉम्ब फर्स्ट क्लासच्या डब्यात. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८९ माणसं गेली, आठशेच्या वर जखमी. मंगळवार होता, पाऊस होता, घरी जायची वेळ. फर्स्ट क्लास म्हणजे काही श्रीमंतांचा डबा नाही हे बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं, बँकेत, एलआयसीत, मंत्रालयात काम करणारी, गुडघे दुखायला लागले म्हणून पासाचे जास्तीचे पैसे भरणारी माणसं असतात ती, गाडी तीच, गर्दी जराशी कमी.

बाबा त्या खारच्या गाडीत होते, शेजारच्या सेकंड क्लासमध्ये. आम्ही नायगावला राहायचो. मोबाइल लागत नव्हते, टीव्हीवर स्टेशनांची नावं वाढत चालली होती आणि आई प्रत्येक नावाला घड्याळ बघून म्हणायची की नाही, एवढ्यात तिथे पोचली नसेल गाडी. बाबा रात्री दीडच्या पुढे आले, अर्धं अंतर रुळावरून चालत आणि मग कोणाच्या तरी टेम्पोत. शर्टाला रक्त होतं, त्यांचं नव्हतं. रुळाशेजारच्या वस्तीतल्या लोकांनी घरातल्या चादरी आणून त्यात जखमींना उचललं, चार टोकं चौघांनी धरायची, त्यातलं एक टोक बाबांनी धरलं होतं. सकाळी आईने शर्टाचा खिसा बघितला तर त्यात एक रेल्वेचा पास, फोटोच्या आयकार्डसकट, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, बाबांचा नाही. पोलिसांना द्यायचा म्हणून उचलला होता आणि धावपळीत राहून गेला. ते तसेच परत निघाले, गाड्या चालू झाल्या होत्याच, आणि स्टेशनवर जाऊन पोलिसांकडे देऊन आले. टेबलावर पासांचा, चष्म्यांचा, डब्यांचा ढीग होता आणि खाली छत्र्या, एवढंच सांगितलं. पासावरचं नाव त्यांनी आम्हाला आजतागायत सांगितलेलं नाही.

मग त्या केसमध्ये सगळे सुटले म्हणतात, ते खरंय का?

हो. एटीएसने, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, १३ जणांवर खटला भरला, मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने २०१५ ला १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप, एक जण नऊ वर्षं आत काढून निर्दोष सुटला. आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं, त्यातला एक तोवर जेलमध्येच कोविडने गेला होता. कोर्टाने म्हटलं की सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करायला पूर्ण अपयशी ठरला. कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले आणि एकमेकांची कॉपी वाटावी असे, साक्षीदार शंभर दिवसांनी पुढे आलेले, ओळखपरेड ज्याला घ्यायचा अधिकारच नव्हता त्याने घेतलेली, बॉम्ब कुठल्या प्रकारचा होता हेसुद्धा सिद्ध करता आलं नाही. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, पण फक्त इतक्यापुरती की तो दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरता येणार नाही, सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही.

म्हणजे दहशतवादी सुटले असंच ना?

हा प्रश्न मला फार त्रास देतो, कारण विचारणारा रागावलेला असतो आणि त्याचा राग खरा असतो. पण नीट बघा. हायकोर्ट बरोबर असेल तर ही माणसं एकोणीस वर्षं उगाच आत होती, आणि त्याहून भयंकर म्हणजे ज्यांनी खरंच डब्यात बॉम्ब ठेवले त्यांना २००६ च्या पावसाळ्यापासून कोणी शोधलेलंसुद्धा नाही. चुकीचा माणूस पकडला की फाईल बंद होते, शोध थांबतो. १८९ घरांना कोणीतरी पकडलंय एवढं नकोय, त्यांना कोणी केलं ते कळायला हवंय. २१ जुलैच्या संध्याकाळी बाबा टीव्ही लावून बसले होते, एकच वाक्य बोलले, 'मग कोण होते रे ते?' याचं उत्तर द्यायचं काम सरकारचं आहे आणि ते एकोणीस वर्षांत झालं नाही.

मोक्का, टाडा, पोटा, युएपीए, हे सगळं काय आहे?

थोडक्यात सांगतो. टाडा १९९५ ला संपला, पोटा २००२ ते २००४, मोक्का हा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, मुळात गँगवाल्यांसाठी केलेला. या तिन्हींत मोठ्या पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, एरवीच्या कायद्यात चालत नाही. तपासाला शॉर्टकट मिळतो आणि शॉर्टकट मिळाला की बाकीचा पुरावा गोळा करायचं काम ढिलं पडतं, ११ जुलैच्या केसमध्ये दिसलं ते हेच. युएपीए हा आताचा दहशतवादविरोधी कायदा, त्यात असा कबुलीजबाब चालत नाही, पण जामीन मिळणं महाकठीण.

यात मालेगाव का धरत नाही कोणी?

धरायलाच हवं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार, मशिदीपाशी आणि कब्रस्तानात बॉम्ब, तीसच्या वर माणसं गेली, नमाजाला आलेली. पकडली कोण तर नऊ मुस्लिम मुलं, ती पाच वर्षं आत, मग जामीन आणि २०१६ ला कोर्टाने त्यांना आरोपातून मुक्त केलं. मग २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात मोटरसायकलचा स्फोट, सहा जण गेले, तपास हेमंत करकरेंच्या एटीएसने केला आणि साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल पुरोहित वगैरेंना अटक झाली. ३१ जुलै २०२५ ला एनआयएच्या (केंद्राची राष्ट्रीय तपास यंत्रणा) विशेष कोर्टाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे लोकलचा निकाल २१ ला आणि मालेगावचा ३१ ला, दहा दिवसांत दोन केसेस कोसळल्या, एकीला एक बाजू टाळ्या वाजवते, दुसरीला दुसरी, आणि मेलेल्यांच्या घरचे दोन्हीकडे त्याच जागी उभे.

२६/११ ला समुद्रातून आले ते कोणाला दिसले नाहीत का?

दिसले ना. लष्कर-ए-तोयबाचे दहा जण कराचीहून निघाले, वाटेत पोरबंदरची 'कुबेर' नावाची मासेमारीची बोट पकडली, खलाशांना मारलं, तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या कप्तानाकडून, मुंबईपर्यंत बोट आणवली आणि मग त्यालाही मारलं. रबरी होडीतून कफ परेडच्या बधवार पार्कजवळ मच्छिमार वस्तीत उतरले. कोळी लोकांनी विचारलं, कोण तुम्ही, कुठून आलात, तर उडवून लावलं आणि पाठीवर बॅगा टाकून निघून गेले. १९९३ ला ज्या समुद्रातून आरडीएक्स आलं त्याच समुद्रातून पंधरा वर्षांनी माणसं आली.

पुढे सीएसएमटी, लिओपोल्ड, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस, कामा हॉस्पिटल. १६६ जण गेले. २६ च्या रात्रीपासून २९ च्या सकाळपर्यंत चाललं. टीव्हीने ताज इतका दाखवला की लोकांना ताजच आठवतो, पण एका जागी सगळ्यात जास्त माणसं गेली ती सीएसएमटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये, ५० च्या वर, गावाकडे निघालेली, बोचक्यांवर डोकं टेकून बसलेली. तिथे अनाउन्सर विष्णू झेंडे केबिनमधून सांगत राहिले की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, त्यांच्या केबिनवर गोळ्या आल्या तरी.

आणि कामामध्ये नर्स अंजली कुलथे. वॉर्डात वीस गरोदर बायका. खालून गोळीबार, तर त्यांनी वॉर्डाचं दार लावलं, लाइट बंद केले आणि सगळ्यांना टोकाच्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. त्यात एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने जिन्यावरून लेबर रूमपर्यंत नेलं आणि बाळ झालं. नंतर कसाबला त्यांनी ओळखलंही. पुरस्कार कोणाला काय मिळाले त्याची यादी कुठेही मिळेल, पण तो अंधारातला जिना डोळ्यांसमोर आणून बघा.

तुकाराम ओंबळेंनी नक्की काय केलं?

सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, आधी सैन्यात, मग मुंबई पोलीस, सहाय्यक फौजदार. गिरगाव चौपाटीला नाकाबंदी होती, स्कोडा गाडी अडवली, कसाबकडे एके ४७ आणि ओंबळेंच्या हातात काठी. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या पोटात घेतल्या पण सोडली नाही, तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबला पकडला. तो जिवंत सापडला म्हणून पाकिस्तानला नाकारता आलं नाही, सगळा कट त्या एका पकडीमुळे उघड झाला. अशोक चक्र मिळालं. ठाण्यात सापडलेल्या कोळ्याच्या (स्पायडरच्या) एका नवीन जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलंय, आयसियस तुकारामी, मला हे फार आवडतं.

कसाबला एवढी वर्षं पोसला कशाला?

चार वर्षं, त्यात तीन कोर्टं आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. विशेष कोर्टाची फाशी मे २०१० ला, हायकोर्ट २०११, सुप्रीम कोर्ट ऑगस्ट २०१२, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. त्याला वकील दिला, पुरावे तपासले, त्याच्याबरोबरच्या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. त्यामुळेच त्या निकालाकडे जगात कोणाला बोट दाखवता आलं नाही. वरची ११ जुलैची केस आठवा आणि शेजारी ठेवून बघा.

बाकीचे सूत्रधार?

डेव्हिड हेडलीने आधी येऊन रेकी केली होती, अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा भोगतोय. त्याचा साथीदार तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ ला भारतात आणलं. हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणाऱ्यांतला अबू जुंदाल हा आपल्या बीडचाच, सौदीतून २०१२ ला आणला. लष्करचे म्होरके लखवी आणि हाफिज सईद यांना पाकिस्तानात शिक्षा झाल्या पण त्या टेरर फंडिंगच्या केसेसमध्ये, २६/११ साठी नाहीत.

२६/११ नंतर काही बदललं का?

बदललं. एनआयए उभी राहिली, एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचं केंद्र मुंबईत आलं कारण त्या रात्री कमांडो दिल्लीहून यायला सकाळ झाली होती, राज्य पोलिसांची फोर्स वन ही कमांडो तुकडी झाली, सागरी पोलीस ठाणी वाढली, कोळी लोकांना ओळखपत्रं मिळाली. राम प्रधान समितीने पोलिसांच्या उणिवा लिहून दिल्या. पण स्टेशनवरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून लाखो माणसं तशीच जातात, ती पीं करते आणि कोणी मान वर करत नाही. २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर कबुतरखाना इथे परत झालेच की. पुण्यात त्याच्या आदल्या वर्षी, १३ फेब्रुवारी २०१० ला, जर्मन बेकरीत १७ जण गेले होते.

आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का?

जखमी माणसं नंतर हॉस्पिटलात दगावतात, कधी काही वर्षांनी, तर ती काही याद्यांत येतात, काहींत नाही. २६/११ ला कुठे १६६ वाचाल, कुठे १७५, तर १७५ मध्ये मेलेले नऊ अतिरेकीपण मोजलेले असतात. त्यांना आपल्या माणसांच्या यादीत मोजू नका.

मुंबई स्पिरिटबद्दल काय वाटतं?

१९९३ ला शुक्रवारी शेअर बाजारात बॉम्ब फुटला आणि सोमवारी बाजार उघडला. २००६ ला दुसऱ्या दिवशी लोकल भरून गेल्या. याला स्पिरिट म्हणतात. बाबा दुसऱ्या दिवशी पास द्यायला गेले आणि तिथून तसेच कामावर गेले, कारण सुट्टी मांडली तर पगार कापला जाणार होता. चादरी घेऊन धावले ती माणुसकी, त्याला काय नाव द्यायचं ते द्या. कामावर जाण्याला देऊ नका.

पहलगाममध्ये महाराष्ट्रातली माणसं होती ना?

हो, २२ एप्रिल २०२५, बैसरनचं पठार, २६ जण मारले, त्यातले सहा महाराष्ट्रातले, डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे, बायका-मुलांसमोर, धर्म विचारून. घोड्यावरून पर्यटकांना नेणारा तिथला एक मुस्लिम तरुणही त्यांना अडवताना मारला गेला, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही.

११ जुलैला माहीमला काही असतं का?

स्टेशनात स्मारक आहे. ज्यांची माणसं गेली त्यांच्यातले काही आणि त्या दिवशी वाचलेले काही दरवर्षी संध्याकाळी जमतात. फुलं ठेवतात, ६:२४ ला शांत उभे राहतात. कोणीही जाऊ शकतं, आधी कोणाला विचारायला लागत नाही, फक्त ऑफिस सुटायची वेळ असते तेव्हा कडेला उभे राहा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट द्या. बाबांना बरं असलं की मी त्यांना घेऊन जातो. ६:३५ झाले की ते निघतात आणि परतताना सेकंड क्लासच्या त्याच डब्यात चढतात, मधल्या पार्टिशनला लागून, खार येईपर्यंत बसत नाहीत.